हॅलिमूस आणि बोरंगवाडी

राजेश्वरी हत्तरगेला राग आला की तिचा आवाज चढत नसे, खाली जात असे. उमरग्याच्या कॉलेजातल्या पोरापोरींना हे पहिल्या महिन्यातच कळून चुकायचं. मॅडम ओरडताहेत म्हणजे सगळं ठीक आहे. मॅडम हळू बोलायला लागल्या की शेवटच्या बाकावरचेसुद्धा मोबाईल खिशात घालायचे. अकरा वर्षं ती तिथं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होती. पावसाळ्यात नेमणूक मिळायची, उन्हाळ्यात संपायची, आणि पुन्हा पावसाळ्यात तिनं नव्यानं अर्ज करायचा. पीएच.डी. झालेली बाई दरसाल मुलाखतीला बसते आणि समोरचे तिला विचारतात, इतिहास का शिकवावासा वाटतो? तेव्हाही ती अगदी हळू उत्तर द्यायची.

तिचं घर मुरुमपासून सात किलोमीटरवर, बोरंगवाडीत. वडील शंभुलिंग मुरुमच्या एका डाळमिलमध्ये पोती उचलायचे. ती नऊ वर्षांची असताना ते गेले. आई इरम्मा पलीकडच्या आळंद भागातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, आणि सासर सगळं मराठी बोलणारं. नवरा गेल्यावर चौदाव्या दिवशी तिनं पाटी डोक्यावर घेतली. पाटीत रिबिनी, फण्या, करदोडे, सुया, काळे मणी. मुरुमच्या आठवडी बाजारात गोणपाट अंथरून ती बसू लागली. शेजारी बांगड्या घेऊन गावातलीच ताहेराबी बसायची. एक कन्नड बोलणारी, एक दखनी बोलणारी. गिऱ्हाइकांशी भांडता भांडता दोघींची मराठी पक्की झाली.

शाळेत राजेश्वरीला सगळ्या ‘रिबिनवालीची’ म्हणायच्या. खरं तर तिच्या वेण्यांना वर्गात सगळ्यांत झकपक रिबिनी असायच्या, आणि जिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा निघालं तिची स्वतःची रिबीन इरम्माच्याच पाटीतली होती. राजेश्वरीनं तिच्या डोक्यात लिहायची दगडी पाटी घातली. संध्याकाळी इरम्मानं लेकीला एक थापड दिली. पोरीला मारलं म्हणून नव्हे, पाटी फुटली म्हणून.

एम.ए.ला असताना एकदा ग्रंथालयात तिच्या हाती प्राचीन अथेन्सवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक आलं. त्यात चार-पाच पानं हॅलिमूस नावाच्या एका जागेबद्दल होती. अथेन्सचा मुलूख तेव्हा शे-सव्वाशेहून अधिक छोट्या छोट्या हिश्श्यांत वाटलेला होता. काही शहरातल्या आळीएवढे, काही एखाद्या खेड्याएवढे. अशा एका हिश्श्याला देमे म्हणत. हॅलिमूस हा समुद्राकाठचा तसलाच एक चिमुकला देमे, शहरापासून पायी दीड तासावर. पोरगा अठरा वर्षांचा झाला की देमेतल्या पुरुषांनी शपथ घेऊन मत द्यायचं, आणि त्याचं नाव देमेच्या यादीत चढायचं. नाव चढलं म्हणजे तो माणूस अथेन्सचा. वरती राजधानीत कुठं वेगळी यादी नव्हतीच. गाव ‘आपला’ म्हणालं की तो देशाचा, गाव ‘नाही’ म्हणालं की कुणाचाच नाही.

आणि मग हुकूम आला की सगळ्या देमेंनी आपापल्या याद्या पुन्हा तपासाव्यात. हॅलिमूसचा कारभारी होता युबुलिडीस, आणि त्याचं वाकडं होतं युक्सिथिअस नावाच्या माणसाशी. यादी तपासायला शहरात त्र्याहत्तर जण जमले होते. युबुलिडीसनं भाषणं आणि ठराव काढून दिवस ढकलला. म्हातारी माणसं कंटाळून हॅलिमूसला घरी निघून गेली. अंधार पडला आणि तीसेक लोक उरले तेव्हा त्यानं युक्सिथिअसचं नाव पुकारलं. मतं मोजली तर निघाली साठाच्या वर, आणि त्याचं नाव यादीतून गेलं. युक्सिथिअसनं दाद मागितली. दाद मागून हरला असता तर कायद्यानं त्याला गुलाम म्हणून विकलं असतं. तरी तो कोर्टात उभा राहिला. तिथं त्याच्यावर ठेवलेले आरोप राजेश्वरीनं वाचले. बाप बोलतो ते परमुलखातल्यासारखं. आणि आई बाजारात बसून रिबिनी विकते.

ते पान तिनं सात वेळा वाचलं. पुढं त्यानं दिलेलं उत्तर होतं. अथेन्समध्ये असा कायदा आहे, तो म्हणाला होता, की बाजारात बसून विकणाऱ्या बाईला किंवा बाप्याला त्यावरून कुणी हिणवलं तर तो गुन्हा धरावा.

पीएच.डी.साठी मार्गदर्शक सरांनी तिला तेर सुचवलं होतं. ग्रीक दर्यावर्द्यांनी तगर म्हणून ज्याचं नाव लिहून ठेवलं ते गाव तुमच्याच जिल्ह्यात आहे, वस्तुसंग्रहालय आहे, साधनं हाताशी आहेत, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. तेरवर काम करणारे पुष्कळ आहेत, मला ह्या रिबिनी विकणाऱ्या बाईच्या मुलावर करायचंय, असं ती म्हणाली. सात वर्षं लागली. प्रबंध पुरा झाला त्या दिवशी तिनं आईला ती गोष्ट सांगितली. इरम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या बाईचं नाव काय होतं? निकारेटे, राजेश्वरी म्हणाली. मग इरम्मानं विचारलं की रिबिनी सुती होत्या का लोकरीच्या, आणि ते कुणी लिहून ठेवलेलं नाही हे कळल्यावर तिला शिकलेल्या माणसांचं फारच नवल वाटलं.

हे सगळं गेल्या वर्षीपर्यंतचं.

बोरंगवाडीत रणधीर नावाचा सरपंच होता. माणूस गोड बोलायचा. म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, इरम्माला ‘काकू’ म्हणायचा. इरम्माच्या गल्लीत तेवीस घरं. त्यात नळ आला होता, पण कागदावर. गल्लीतल्या बायका हापशावरून पाणी आणत होत्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ‘हर घर नळ पूर्ण’ असं निळ्या रंगात लिहिलं होतं. एका ग्रामसभेत इरम्मा उभी राहिली आणि म्हणाली की मला त्या भिंतीवरचं वाचता येत नाही, पण लेकीनं वाचून दाखवलंय. तर त्या भिंतीलाच तोटी लावा, आम्ही तिथून भरून नेतो. सभा हसली. रणधीरही हसला. पण त्या दिवसापासून त्याचं काकू म्हणणं थांबलं.

पुढच्या निवडणुकीत सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. रणधीरनं बायकोला उभं करायचं ठरवलं, आणि तेवीस घरांतल्या बायकांनी इरम्माला. इरम्मा चौसष्ट वर्षांची. तिनं आधी तोंड फिरवलं, मग ताहेराबीनं दोन दिवस डोकं खाल्ल्यावर हो म्हणाली. आधार कार्ड, फोटो, जातीचा दाखला सगळं पिशवीत घालून मायलेकी तालुक्याच्या कचेरीत गेल्या. टेबलामागच्या माणसानं यादी काढली, बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा बोट फिरवलं.

“आजी, तुमचं नाव इथं नाही,” तो म्हणाला. “वगळलंय. कायमच्या स्थलांतरित.”

इरम्माला स्थलांतरित हा शब्द कळला नाही. तिनं लेकीकडं पाहिलं. राजेश्वरीनं तो शब्द समजावून सांगायला तोंड उघडलं आणि तिला सांगताच येईना. ‘तू गावात राहत नाहीस’ हे आईला तोंडावर कसं सांगायचं? ती फक्त म्हणाली, “चल अव्वा, घरी चल.”

नाव एकट्या इरम्माचं गेलं नव्हतं. सात नावं गेली होती. ताहेराबी, तिचा थोरला मकबूल, समोरची चन्नम्मा, आणखी तिघं. सातही त्याच गल्लीतली. नळाच्या सभेत इरम्मासोबत जी जी बोलायला उभी राहिली होती ती ती.

राजेश्वरीनं नावं वगळल्याच्या कागदांच्या नकलांसाठी अर्ज केला. नकला यायला दिवस लागले, आणि तेवढ्या दिवसांत अर्ज भरायची मुदत टळली. रणधीरची बायको शिवांजली बिनविरोध सरपंच झाली. गावातून गुलाल उधळत मिरवणूक गेली ती मुद्दाम इरम्माच्या गल्लीतून गेली. इरम्मा उंबऱ्यात बसून करदोड्यांचे गोंडे वळत होती. ती आत गेली नाही. गुलाल येऊन तिच्या गोंड्यांवर पडला, ते तिनं बाजूला काढून ठेवले आणि नवे वळायला घेतले. राजेश्वरी आत चुलीपाशी उभी होती. तिला वाटत होतं, आईनं एकदा तरी शिवी द्यावी.

नकला आल्या तेव्हा सगळा प्रकार उलगडला. मतदार यादी गावापुढं वाचून दाखवायला ग्रामसभा बोलावली होती. सकाळी अकराची सभा दुपारी चारला सुरू झाली. आधी आरोग्याच्या अहवालाचं वाचन, मग स्वच्छतेच्या, मग कुणाकुणाचे सत्कार. पाचच्या पुढं बायका म्हशी पिळायला उठल्या, इरम्माही उठली. दिवेलागणीला पंचवीस-तीस माणसं उरली, आणि तेव्हा वगळायची नावं वाचली गेली. हरकतीचा अर्ज रणधीरच्या भावकीतल्या एकानं दिला होता. सोबत पंचनामा होता: घराला कुलूप आढळले, शेजाऱ्यांकडे विचारपूस केली असता सदर महिला कर्नाटकात माहेरी कायम राहते असे समजले. नोटीस दाराला चिकटवली असंही लिहिलं होतं. कोणत्या दाराला, ते देव जाणे. वरच्या कचेरीत हा कागदांचा गठ्ठा गेला, आणि गठ्ठ्यात सगळं जागच्या जागी होतं.

सभेच्या हजेरीवर सह्या होत्या एकशे बारा.

राजेश्वरीनं त्या सह्या एकेक करून वाचल्या. हॅलिमूसला तीस माणसांची साठ मतं झाली होती. बोरंगवाडीनं त्यावरही कडी केली होती. मेलेल्या दोघांच्या सह्या होत्या. पुण्याला कंपनीत असलेल्या चौघांच्या होत्या. यादी समोर ठेवून कुणीतरी ओळीनं सह्या मारत गेलं होतं, इतक्या आळसानं की चाळीस-चाळीस सह्यांचा कल एकच. आणि अठ्ठ्याऐंशीव्या ओळीत लिहिलं होतं, रा. शं. हत्तरगे.

तिची स्वतःची सही. आपल्या आईला गावाबाहेर काढायच्या सभेला ती हजर होती, आणि तिचा रुकार होता.

त्या दिवशी ती कॉलेजात होती. तिनं हजेरीपट काढून पाहिला. दुपारी दोन तास, नंतर परीक्षेची बैठक, साडेसहाला बाहेर. त्यातला दुसरा तास पहिल्या वर्षाचा होता आणि विषय होता देमे. म्हणजे ज्या दिवशी ती फळ्यावर हॅलिमूस लिहीत होती, त्या दिवशीच बोरंगवाडीत कुणीतरी तिच्या नावानं पेन चालवत होतं. तिला हसू आलं नाही. तिनं तो कागद घडी घालून ब्लाउजात ठेवला.

पण सगळ्यांत जास्त तिला जाळलं ते पंचनाम्यावरच्या सहीनं. पंच म्हणून दोन नावं होती. एक रणधीरचा माणूस. दुसरा बजरंग, भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. बजरंगची आई विठाबाई बाळंतपणात गेली तेव्हा राजेश्वरी चार महिन्यांची होती. इरम्मानं एका मांडीवर लेक आणि दुसऱ्या मांडीवर शेजारणीचा मुलगा घेऊन दोघांना वर्षभर पाजलं. गावात अजूनही लोक त्या दोघांना दूधभावंडं म्हणत. भाऊबीजेला बजरंग न चुकता यायचा.

तो अंगणात ट्रॅक्टर धूत होता. राजेश्वरीनं नक्कल त्याच्यापुढं धरली. त्यानं हात पुसले, कागद घेतला नाही.

“रणधीरदादा म्हनले सही कर, केली,” तो म्हणाला. “म्या वाचलं बी न्हाय त्यात काय हाय ते.”

“वाचून केली असतीस तर मी तुझ्याशी भांडले असते,” राजेश्वरी म्हणाली. “न वाचता केलीस. आता भांडू कशाशी?”

बजरंगनं मान खाली घातली. त्याची बायको अंगणवाडीत मदतनीस होती; नेमणूक टिकायची तर ग्रामपंचायतीशी वाकडं घेऊन चालत नव्हतं. ते त्यानं आडवळणानं सांगितलं. मग म्हणाला, “काकूचं दूध प्यालोय म्या. मला ठाव न्हाय व्हय?”

“गावालाही ठाऊक आहे,” राजेश्वरीचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. “म्हणूनच तुझी सही घेतली त्यांनी. दुसऱ्या कुणाची खरी वाटली नसती.”

पाण्याचा पाईप जमिनीवर तसाच वाहत राहिला. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला तेव्हा इरम्मानं दार उघडलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि आतून कडी लावून घेतली. राजेश्वरीला वाटलं, शिवीपेक्षा हे बरं.

दाद मागायची ती जिल्हाधिकाऱ्यांकडं, धाराशिवला. मुदत उलटून गेली होती. नोटीस मिळालीच नाही म्हणून उशीर माफ करावा, असा अर्ज जोडावा लागला. सात जणांचे सात अर्ज राजेश्वरीनंच लिहिले. विजेची बिलं, रेशन कार्डं, दवाखान्याचे कागद, मुरुमच्या बाजाराच्या जुन्या पावत्या, सगळं लावलं. कॉलेजच्या हजेरीपटाची प्राचार्यांच्या शिक्क्याची प्रत लावली. ती प्रत देताना कॉलेजातल्या एका वडीलधाऱ्यानं तिला बाजूला घेऊन समजावलं होतं, की तुमची नेमणूक दरवर्षीची, गावच्या राजकारणात कशाला पडता? तिनं विचारलं, हे तुम्ही मला सल्ला म्हणून सांगताय की निरोप म्हणून?

तारखा पडत गेल्या. एका तारखेला साहेब बैठकीला, एका तारखेला समोरचे वकील आजारी. दर खेपेला सात जणांनी पहाटेची एसटी धरायची, दिवसभर कचेरीच्या व्हरांड्यात बसायचं, संध्याकाळी परत फिरायचं. बाजाराचा दिवस बुडायचा. तिसऱ्या खेपेला व्हरांड्यात बसल्या बसल्या इरम्मानं लेकीला विचारलं, तुझ्या त्या ग्रीक माणसाचं पुढं काय झालं? नाव लागलं का त्याचं?

राजेश्वरीनं सांगितलं की ठाऊक नाही. त्यानं कोर्टात केलेलं भाषण उरलं. निकाल उरला नाही.

“सात वर्सं शिकलीस आन् एवढंच ठाव न्हाय?” इरम्मा म्हणाली.

ताहेराबी हसली. राजेश्वरीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, तेही रागानंच. प्रबंधाच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, ‘निकाल अज्ञात आहे.’ किती सहज लिहून गेलो आपण ते वाक्य. तो माणूस घरी गेला की विकला गेला, त्याच्या आईनं दुसऱ्या दिवशी बाजारात गोणपाट अंथरलं की नाही, हे सगळं त्या तीन शब्दांत गुंडाळून आपण पदवी घेतली.

पाचव्या खेपेला सुनावणी झाली. समोर बसलेले अधिकारी वयानं लहान होते, पण कागद वाचून आले होते. रणधीरकडचे वकील म्हणाले की अर्जदार महिलेची भाषा कन्नड आहे, माहेर कर्नाटकात आहे, तिकडं त्यांचं कायम जाणं-येणं आहे, आणि फिरत्या विक्रीचा धंदा असल्यामुळं त्यांचा ठावठिकाणा निश्चित सांगता येत नाही. राजेश्वरी उठली. तिनं सगळं पाठ केलं होतं. पण इरम्मानं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

“म्या आळंदला जाते, व्हय,” ती म्हणाली. “आई मेली तवा गेले. भाऊ मेला तवा गेले. मेल्या मानसाला बगाया गेलं तर गाव बदलतं का, साहेब? घरात कन्नड बोलते. शिव्या मराठीत देते, त्या ह्या गावात शिकले. आन् ठावठिकाना म्हनाल तर मुरुमच्या बाजारात एकोनतीस वर्सं एकाच दगडापाशी बसते. हे वकीलसाहेब आले तर त्यांनाबी घावंल.”

खोलीत कुणी हसलं नाही. अधिकाऱ्यांनी हजेरीचा कागद पुढं ओढला आणि अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर बोट ठेवून राजेश्वरीला विचारलं की ही सही तुमची आहे का. तिनं कोऱ्या कागदावर तीन वेळा सही करून दाखवली. तिची सही इंग्रजीत होती. कॉलेजच्या हजेरीपटावरही इंग्रजीतच होती. वकिलांनी घसा साफ केला आणि पाणी मागितलं.

आठ दिवसांनी आदेश आला. सातही नावं यादीत परत घ्यावीत.

ताहेराबीनं मुरुमहून पेढे आणले. राजेश्वरीनं पेढा हातात धरला आणि आदेश पुन्हा वाचला. निवडणूक होऊन गेली होती. तो विषय ह्या कचेरीपुढं नव्हता. खोट्या सह्यांबद्दल स्वतंत्र तक्रार करण्याची मुभा होती. पंचनामा खोटा होता असं कुठंच लिहिलं नव्हतं. ‘पुरेशा पडताळणीअभावी’ असं होतं. म्हणजे कुणी काही केलंच नव्हतं. पडताळणी तेवढी कमी पडली होती. चोरानं घर फोडावं, मग भांडी परत मिळावीत आणि वर म्हणावं, कुलूप जरा सैल होतं. तिनं पेढा ताटात परत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तिथल्या माणसानं अर्ज वाचून विचारलं की नावं तर परत आली, मग आता तक्रार कशाची?

“माझ्या नावाची,” ती म्हणाली. “मी माझ्या आईविरुद्ध सही केली नाही, एवढं मला लिहून पाहिजे.”

अर्जाची पोच मिळाली. त्याच्यापुढं काही नाही. महिन्यातून दोनदा ती तिथं जाऊन चौकशी करायची आणि ते तिला चौकशी चालू आहे असं सांगायचे. पावसाळा आला. कॉलेजची मुलाखत झाली, आणि ह्या वेळी नेमणूकपत्र पंधरा दिवस उशिरा आलं. कारण कुणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पहिल्या तासाला जाऊन तिनं फळ्यावर हॅलिमूस लिहिलं आणि इतकी हळू शिकवत राहिली की पोरं पुढं वाकून ऐकत होती.

मग ग्रामसभा आली. ह्या वेळी तेवीस घरांतल्या बायकांनी म्हशींची सोय आधीच लावली होती. कुणी नणंदेला बसवलं, कुणी नवऱ्याला धार काढायला शिकवलं. सभा अकराची होती, दोनला सुरू झाली. बायका बसून राहिल्या. सत्कार झाले, बायका बसून राहिल्या. रणधीर दोनदा म्हणाला की आता किरकोळ विषय उरलेत, बायामाणसांनी घरी गेलं तरी चालेल. कुणी हललं नाही. इरम्मानं पाटीतून करदोड्यांचा दोरा आणला होता. ती गोंडे वळत होती.

शेवटी ग्रामसेवकानं वही मिटायला घेतली तेव्हा राजेश्वरी उठून टेबलापाशी गेली. सह्या एक्केचाळीस होत्या. माणसंही तिनं मोजली होती, एक्केचाळीसच. ती म्हणाली की शेवटच्या सहीखाली संख्या अक्षरात लिहा, आणि उरलेल्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारा. ग्रामसेवक रणधीरकडं पाहू लागला. रणधीर म्हणाला की असा काही नियम नाही, वही सरकारी आहे, तिच्यात मनाला येईल तशा रेघा मारता येत नाहीत.

“तुम्ही सरपंच न्हाय,” इरम्मा बसल्या जागेवरून म्हणाली. “सरपंच त्या हायत. त्यास्नी बोलू द्या.”

सगळ्यांनी शिवांजलीकडं पाहिलं. निवडून आल्यापासून ती सभेत एक शब्द बोलली नव्हती. खुर्चीवर डोक्यावरचा पदर सावरत बसायची आणि नवरा सांगेल तिथं सही करायची. तिनं रणधीरकडं पाहिलं. मग समोर बसलेल्या बायकांकडं पाहिलं; त्यांच्यातल्या निम्म्या तिच्या माहेरच्या गावच्या होत्या.

“मारा रेघ,” ती म्हणाली.

ग्रामसेवकानं पट्टी घेऊन रेघ मारली. एक्केचाळीस असं अक्षरात लिहिलं. रणधीर खुर्ची सरकवून बाहेर गेला. त्या घरात पुढं काय झालं ते गावाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शिवांजली मात्र इरम्माच्या गल्लीतल्या हापशावर दिसली, आणि पाणी भरून गेली.

बायका घरी निघाल्या तेव्हा आनंदात होत्या. ताहेराबी म्हणाली की आता तरी ह्या पोरीनं हसावं. राजेश्वरी हसली नाही. एका रेघेनं काय होतं? पुढच्या सभेला पुन्हा बसावं लागणार, त्याच्या पुढच्याला पुन्हा. ज्यांनी सही मारली ते गावात ताठ मानेनं हिंडणार, आणि आपण दर वेळी माणसं मोजत बसणार. तिनं आईच्या हातातली पाटी घेतली. सकाळी पहिल्या एसटीनं पोलीस ठाण्यात जायचं आहे, असं तिनं सांगितलं. इरम्मा म्हणाली, जा, पण येताना पिवळ्या रिबिनीचं एक रीळ आण. पोरी पिवळी मागायला लागल्यात.